दुसरी चोरी कायदा मोजतो, दुसरा अपघात नाही

 

आजचा विषय कोर्टाचा आहे. पण घाबरू नका, कलमं पाठ करायची नाहीत. रस्त्यावर माणूस मेला की गावात एकच प्रश्न विचारला जातो, तोच आम्ही घेतलाय. "तो ड्रायव्हर दुसऱ्या दिवशी घरी कसा काय आला? आणि याच्या हातून आधीही एक अपघात झाला होता ना? मग याला पुन्हा गाडी दिली कुणी?"

या प्रश्नाचं उत्तर शोधायला दीडशे वर्षं मागं जावं लागतं. तिथं गेल्यावर आम्हीही थोड्या चक्रावलोच.

इंग्रजांच्या काळात मेकॉले नावाच्या साहेबानं आपल्या देशासाठी फौजदारी कायद्याचा मसुदा तयार केला, १८३७ साली. त्यात एक कलम होतं: माणसाच्या जिवाची कदर न करता, अविचारानं किंवा हयगयीनं वागून कुणी कुणाचा जीव घेतला, तर जास्तीत जास्त दोन वर्षं कैद. मसुदा पडून राहिला. १८६० साली भारतीय दंड संहिता झाली तेव्हा नेमकं हेच कलम गळालं. खुनाचं होतं, सदोष मनुष्यवधाचं होतं, हयगयीनं झालेल्या मरणाचं नव्हतं. दहा वर्षांनी चूक ध्यानात आली आणि १८७० साली ते परत घातलं. नव्यानं शिरल्यामुळं त्याला स्वतःचा आकडा मिळाला नाही. ३०४ च्या पाठीला शेपटी लावून ते झालं ३०४ अ. शिक्षा तीच, जास्तीत जास्त दोन वर्षं, किंवा दंड, किंवा दोन्ही.

आता हे बघा, १८७० साली हिंदुस्थानात मोटार नव्हती. मोटार जगातच नव्हती. कायदा करणाऱ्यांच्या डोळ्यांपुढं होते उधळलेला घोडा, टांगा, बैलगाडी, फार तर चुकीचं औषध देणारा वैद्य. बैलगाडीनं एका वेळी किती माणसं मरणार? मुंबईच्या रस्त्यावर पहिल्या मोटारी आल्या १८९८ च्या सुमाराला. पुढं लॉऱ्या आल्या, बसगाड्या आल्या, ट्रक आले, महामार्ग झाले, डंपर आले. कलम मात्र टांग्याच्या मापाचंच राहिलं. ते बदलायला २०२४ साल उजाडलं. म्हणजे एकशे चौपन्न वर्षं.

त्याचंच एक भावंड आहे, कलम २७९. सार्वजनिक रस्त्यावर बेदरकारपणे गाडी हाकणं, माणूस मरो न मरो. १८६० साली त्याची शिक्षा ठरली सहा महिने कैद किंवा हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. त्या काळी हजार रुपये म्हणजे मजुराची कित्येक वर्षांची मजुरी. हजार रुपयांच्या नावानं माणसाच्या पोटात गोळा येत असेल. आज नव्या भारतीय न्याय संहितेत त्या कलमाचा आकडा बदलून २८१ झालाय, आणि दंड किती आहे? हजार रुपयांपर्यंतच. सोनं कुठल्या कुठं गेलं, ज्वारी कुठं गेली, शेळी कुठं गेली. भरधाव गाडी हाकायचा दंड तेवढा १८६० च्या भावानं मिळतो.

पण आम्हाला सगळ्यात जास्त टोचलं ते वेगळंच. त्याच १८६० च्या कायद्यात एक कलम होतं, ७५ नंबरचं. पुन्हा पुन्हा गुन्हा करणाऱ्यांसाठी ते केलेलं. एकदा शिक्षा झालेला माणूस पुन्हा तसाच गुन्हा करताना सापडला, तर दुसऱ्या वेळी त्याला दहा वर्षांपर्यंत कैद, किंवा थेट जन्मठेपसुद्धा देता येईल, असं त्यात लिहिलं होतं. म्हणजे "हा सुधारत नाही" हे कायद्याला कळत होतं, आणि त्याचा इलाजही त्याच्याकडं होता.

फक्त तो इलाज कुठल्या गुन्ह्यांना लागू? दोनच प्रकरणांना. एक, खोटी नाणी आणि सरकारी मोहरांचे गुन्हे. दुसरं, मालमत्तेचे गुन्हे, म्हणजे चोरी, दरोडा, फसवणूक वगैरे. त्यातही तीन वर्षं किंवा त्याहून जास्त शिक्षेचे. चोरीला तीन वर्षं होती, म्हणून चोरी त्यात बसली. हयगयीनं माणूस मारला तर दोनच वर्षं, आणि तो गुन्हा येतो माणसाच्या शरीराविरुद्धच्या प्रकरणात. म्हणून तो बसला नाही.

म्हणजे कुणी शिक्षा भोगून आल्यावर पुन्हा शेळी चोरली, तर जज्ज त्याचा मागचा इतिहास काढून शिक्षा वाढवू शकत होते. कुणी एकदा शिक्षा होऊन पुन्हा ट्रकखाली माणूस घातला, तर या कलमाच्या लेखी तो पहिल्यांदाच कोर्टात आल्यासारखा. फार तर न्यायाधीश मनातल्या मनात विचार करतील आणि दोन वर्षांच्या आतच काय ती वाढ करतील.

हे इंग्रज सरकारला साजेसंच होतं म्हणा. त्यांना खजिना आणि मालमत्ता जपायची होती. पण १ जुलै २०२४ ला आपण आपला नवा कायदा आणला, त्यातही हे कलम तसंच उतरलंय, आता त्याचा नंबर १३ आहे. तीच दोन प्रकरणं, नाणी-नोटा आणि मालमत्ता. उलट चोरीच्या कलमात आणखी भर घातली, दुसऱ्यांदा चोरी सिद्ध झाली तर किमान एक वर्ष सक्तमजुरी. हयगयीनं माणूस मारण्याची शिक्षा दोनाची पाच वर्षं केली, हे चांगलंच झालं. त्याचा आता नंबर १०६. पण दुसऱ्यांदा मारलं तर काय, याबद्दल त्यात एक अक्षर नाही.

कुणी म्हणेल, मोटारींचा वेगळा कायदा आहे की. आहे. १९१४ साली देशभरासाठी पहिला मोटार कायदा झाला, मग १९३९ साली दुसरा, मग १९८८ चा, जो आज चालू आहे. १९८८ च्या कायद्याच्या १८४ कलमात "दुसऱ्यांदा" हा शब्द आहे. धोकादायक गाडी चालवली तर पहिल्या वेळी सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा हजार रुपये दंड, दुसऱ्या वेळी दोन वर्षांपर्यंत किंवा दोन हजार, असं मूळ कायद्यात होतं. २०१९ साली दुरुस्ती झाली, तेव्हा दुसऱ्या वेळचा दंड दहा हजार झाला. दारू पिऊन चालवली तर पहिल्या वेळी दहा हजार, पुन्हा सापडला तर पंधरा हजार, आणि कैद आहेच.

पण त्या १८४ मध्ये एक खुंटी मारलेली आहे. दुसरा गुन्हा पहिल्यापासून तीन वर्षांच्या आत झाला पाहिजे. आता आपल्याकडच्या तारखा तुम्हाला माहीत आहेत. साक्षीदार आला तर वकील नाही, वकील आला तर साहेब रजेवर. तीन वर्षांत पहिल्या खटल्याचा निकालच लागत नाही. मग पहिला गुन्हा सिद्ध झालाय हे दुसऱ्या कोर्टाला दाखवणार कसं? शिवाय पहिला अपघात सोलापूर जिल्ह्यातला, दुसरा नगरचा. तिथल्या फौजदारानं इथली वही कधी उघडायची? कायद्यात असं आहे की मागच्या शिक्षेमुळं जास्त शिक्षा मागायची असेल, तर ती मागची शिक्षा कुठं, कधी झाली हे आरोपातच लिहावं लागतं. ३०४ अ मध्ये जास्त शिक्षेची सोयच नव्हती, मग ते शोधायची सक्ती कुणावरच नव्हती. आणि जे शोधायचं नसतं ते सापडत नाही.

अशी शिक्षा दिली की कोर्टं काय करत होती, तेही बघू. सगळे न्यायाधीश मऊ होते असं म्हणणं खोटं होईल. सर्वोच्च न्यायालय तर खालच्या कोर्टांना वारंवार बोललंय.

१९७९ सालचा पंजाबातला एक खटला आहे. ट्रकवाल्यानं माणूस उडवला, दोन वर्षांची शिक्षा झाली, तो सुप्रीम कोर्टात गेला. न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी शिक्षा कायम ठेवली आणि दोन गोष्टी सांगितल्या. एक म्हणजे, मेलेल्याच्या मागं राहिलेल्या बायकापोरांकडं आपल्या कायद्याचं लक्षच जात नाही, हा त्याचा मोठा उणेपणा आहे. दुसरी म्हणजे, ड्रायव्हरला नुसतं कोंडून ठेवू नका, तुरुंगात असतानाच त्याला नीट गाडी चालवायचं आणि जबाबदारीचं शिक्षण द्या. पंचेचाळीस वर्षांपूर्वीचं बोलणं आहे हे. तेव्हा ते मनावर घेतलं असतं तर!

१९८७ साली कर्नाटकातलं एक प्रकरण वर आलं. ड्रायव्हरनं गुन्हा कबूल केला, आणि माणूस मेल्याबद्दल खालच्या कोर्टानं दंड केला अडीचशे रुपये. उच्च न्यायालयानंही तो वाढवला नाही. सुप्रीम कोर्ट म्हणालं, ही शिक्षा म्हणजे पिसू चावल्यासारखी झाली, आणि सहा महिने सक्तमजुरी दिली.

२००० साली हरियाणातल्या खटल्यात बस ड्रायव्हरनं सायकलवाल्याला मारलं होतं. वकिलांची मागणी होती की चांगल्या वर्तणुकीच्या हमीवर सोडा, त्यासाठी १९५८ चा कायदा आहे. कोर्टानं नकार दिला. ज्यांचा धंदाच गाडी चालवायचा आहे, त्यांच्या मनात "सापडलो तरी सुटेन" असं बसता कामा नये, असा त्या निकालाचा सूर होता. २०१५ मध्ये पुन्हा पंजाब: दोन माणसं मेलेली, एक वर्षाची शिक्षा, आणि उच्च न्यायालयानं ती केली २४ दिवस. जेवढे आधीच आत काढले होते तेवढेच. मयतांच्या घरच्यांना काही पैसे दिले होते, म्हणून. सुप्रीम कोर्टानं ते सहा महिने केले आणि संसदेला सांगितलं की ३०४ अ च्या शिक्षेचा फेरविचार करा.

आता तुम्हीच म्हणाल, वर एवढं बोलतात तर खाली का उतरत नाही? आमच्या मते खालच्या न्यायाधीशापुढं उभा असलेला माणूस बहुतेक वेळा गरीब असतो. दहा-बारा हजारांवर दुसऱ्याची गाडी हाकणारा. घरात एकटा कमावता. त्याची बायको कोर्टाच्या दारात पोर कडेवर घेऊन उभी. मेलेल्याची बायको त्या दिवशी तिथं नसते, कारण तिला तारीखच कळवलेली नसते. मग ज्याचं रडणं दिसतं त्याचीच दया येते. ती दया खोटी नसते. आपल्या गटांमध्येही ड्रायव्हरांच्या बायका आहेत, आज त्या हा कार्यक्रम ऐकताहेत. मालक झोपू देत नाही, एका खेपेच्या दोन करायला लावतो, हे त्यांच्याशिवाय कुणाला ठाऊक? १९६१ च्या कायद्यानं मोटार कामगाराला दिवसाला आठ तास ठरवून दिले होते. किती मालकांनी पाळले ते विचारा एकदा. त्या मालकाचं नाव आरोपींच्या यादीत क्वचितच दिसतं.

म्हणून आम्हाला वाटतं, वीस वीस वर्षं कुणाला कोंडायची भाषा आपली नसावी. पाच वर्षं कैद म्हणजे त्या घरच्या बाईला पाच वर्षं शिक्षा. पण ज्याच्या हातून दुसऱ्यांदा माणूस गेला, त्याच्या हातातून चाक काढून घ्यायला काय हरकत आहे? आधी हातात कागद होता म्हणून तर तो चालवत होता. त्या कागदाचं पुढं बोलू.

आता मुंबईचं एक प्रकरण सांगतो. शिक्षा कमी पडली तर ती वाढवून मागायचा हक्क कुणाला आहे, हे त्यातून कळतं.

१२ नोव्हेंबर २००६ ची पहाट. वांद्र्याला समुद्राकाठी कार्टर रोड आहे, बड्या लोकांची वस्ती. तिथं बांधकामावरचे मजूर फुटपाथवर झोपले होते. पोटापाण्यासाठी मुंबईला गेलेली, आपल्यासारख्याच घरांतली माणसं. एका तरुणाची मोटार त्यांच्या अंगावर चढली. सात जण मेले, आठ जखमी झाले. सत्र न्यायालयानं २००७ साली त्याला ३०४ अ खाली सहा महिने साधी कैद आणि पाच लाख रुपये दंड केला. सात माणसं, सहा महिने. वर्तमानपत्रांनी हे उचलून धरलं, लोक चिडले. मुंबई उच्च न्यायालयानं स्वतःहून प्रकरण हातात घेतलं. दारू पिऊन त्या वेगानं हाकणाऱ्याला माणसं मरू शकतात हे कळत होतं, म्हणून ही नुसती हयगय नव्हे, हा सदोष मनुष्यवध आहे, असं म्हणून शिक्षा केली तीन वर्षं सक्तमजुरी. जानेवारी २०१२ मध्ये सुप्रीम कोर्टानं ती कायम केली. त्या निकालात एक वाक्य आहे, त्याचा आशय असा: सात मरणांना तीन वर्षं फारच थोडी झाली, पण सरकारनं शिक्षा वाढवून मागितलेली नाही, म्हणून आम्ही त्यात जात नाही.

ऐकलंत ना? सर्वात मोठ्या कोर्टाला पटलंय की शिक्षा कमी आहे, पण मागायला कुणी आलं नाही.

मग मयतांच्या घरच्यांनी मागायची होती ना, असं वाटेल. तिथंच गोम आहे. ३१ डिसेंबर २००९ पासून आपल्या देशात पीडितांना अपील करायचा हक्क मिळाला, आणि तो मोठाच आहे. आरोपी सुटला तर मयताची बायको अपील करू शकते. मोठ्या गुन्ह्याऐवजी लहान गुन्ह्यात शिक्षा झाली, तरी करू शकते. भरपाई कमी मिळाली, तरी करू शकते. पण त्या यादीत "शिक्षा कमी दिली" हे नाही. शिक्षा वाढवा असं अपील फक्त सरकार करू शकतं. २०२४ च्या नव्या प्रक्रिया कायद्यातही तसंच आहे. जिचा नवरा गेला तिनं कमी पैशांबद्दल भांडावं, कमी शिक्षेबद्दल मात्र सरकारी वकिलाच्या पायऱ्या झिजवाव्यात, असा याचा अर्थ. आम्हाला हे मुळीच पटत नाही.

पुण्याचं २०२४ चं प्रकरण तर सगळ्यांच्या तोंडी आहे. १९ मे, कल्याणीनगर, सतरा वर्षांचा मुलगा, महागडी गाडी, दोन तरुण जीव. "तीनशे शब्दांचा निबंध लिहायची शिक्षा दिली" असं आपण सगळेच म्हणतो. खरं तर ती शिक्षा नव्हती, बाल न्याय मंडळानं काही तासांत जामीन देताना घातलेली अट होती. लोकांना राग आला तो बरोबरच होता, पण जामीन वेगळा आणि निकाल वेगळा. "दुसऱ्या दिवशी घरी आला" याचं उत्तरही इथंच आहे. ३०४ अ हे जामीनपात्र कलम. नवं १०६ चं पहिलं पोटकलमही जामीनपात्रच आहे. पोलीस ठाण्यातूनच जामीन मिळतो. गावाला वाटतं पैसे चारले. चारतही असतील, पण न चारता सुद्धा तो घरी येतोच.

जाता जाता मुलांचं एक सांगून टाकतो. २०१९ पासून अल्पवयीन मुलानं गाडी चालवून गुन्हा केला, तर गाडीचा मालक किंवा पालक गुन्हेगार धरला जातो. तीन वर्षांपर्यंत कैद, पंचवीस हजार दंड, गाडीची नोंदणी बारा महिने रद्द, आणि पोराला पंचवीस वर्षांचा होईपर्यंत लायसन नाही. पालकात आई पण येते, बरं का. "जा रे, बाजारातून मिरच्या आण, किल्ली खुंटीला आहे" म्हणताना एवढं लक्षात असू द्या.

विलायतेत काय होतं तेही थोडक्यात सांगायला हवं, कारण आपला कायदा तिथूनच आला. १७ ऑगस्ट १८९६ ला लंडनमध्ये ब्रिजेट ड्रिस्कॉल नावाची ४४ वर्षांची बाई मुलीबरोबर निघाली होती, तिला मोटारीनं उडवलं. ब्रिटनमध्ये मोटारीखाली मेलेली पायी चालणारी ती पहिली व्यक्ती मानतात. पंचांनी अपघाती मृत्यू ठरवला, ड्रायव्हरला काही झालं नाही. चौकशी करणारा अधिकारी म्हणाला, असं पुन्हा कधी न होवो. पुढं तिथं मोटारवाल्यांवर मनुष्यवधाचे खटले चालायचे, पण पंचांच्या खुर्चीतही मोटार चालवणारेच बसलेले. "उद्या माझ्यावरही येईल" या विचारानं ते दोषी ठरवायला कचरायचे. शेवटी १९५६ साली त्यांनी धोकादायक गाडी चालवून जीव घेण्याचा वेगळाच गुन्हा केला, पाच वर्षांपर्यंत शिक्षेचा. आपण दोनावरून पाचावर यायला त्यानंतर आणखी अडुसष्ट वर्षं घेतली.

आणि त्या अडुसष्ट वर्षांत रस्त्यांवर काय झालं? १९७० साली देशात रस्ते अपघातात सुमारे साडेचौदा हजार माणसं मेली होती. २०२२ साली १,६८,४९१. दिवसाला चारशे साठच्या वर. एकट्या महाराष्ट्रात त्या साली १५,२२४, म्हणजे रोज चाळीसहून जास्त. एवढी माणसं एखाद्या साथीनं मेली असती तर गावोगाव डॉक्टरांच्या गाड्या फिरल्या असत्या. सगळ्याच अपघातांत ड्रायव्हरची हयगय असते असं आम्ही म्हणत नाही. खड्डे आहेत, वळणं आहेत, दिवा नसलेल्या ट्रॉल्या आहेत, उसाच्या हंगामात त्या आपल्याच माणसांच्या असतात. पण ज्याची हयगय ठरली, त्याचं पुढं काय होतं, एवढाच आजचा विषय.

नव्या संहितेत अपघात करून पळून जाणाऱ्याला दहा वर्षांपर्यंतची शिक्षा लिहिली होती. जानेवारी २०२४ च्या पहिल्याच दिवसांत ट्रकवाल्यांनी संप केला, पेट्रोल पंपांवर रांगा लागल्या ते आठवत असेल. सरकारनं ते पोटकलम थांबवून ठेवलं. बाकीचा कायदा १ जुलैला लागू झाला तेव्हाही ते लागू झालं नाही. ड्रायव्हरांचं म्हणणं होतं, थांबलो तर जमाव जीव घेईल. त्यात तथ्य आहे. अपघात झाला की दगड घेऊन धावणारी माणसं आपल्याच घरातली असतात, ही गोष्टही आपण बैठकीत बोलायला हवी.

आता लायसनचं. १९८८ च्या मोटार कायद्यात कलम २२ आहे. धोकादायक चालवण्याबद्दल आधी शिक्षा झालेल्या ड्रायव्हरच्या हातून पुन्हा तसंच कुणाचा जीव गेला किंवा जबर दुखापत झाली आणि तो दोषी ठरला, तर तेच कोर्ट त्याचं लायसन रद्द करू शकतं. दारू पिऊन चालवण्यात दुसऱ्यांदा दोषी ठरला तर रद्द केलंच पाहिजे असं लिहिलंय. पहिल्या ठिकाणी मात्र "करू शकतं" आहे, "केलंच पाहिजे" नाही. आणि न्यायाधीशांना ते सुचवायचं कुणी? सरकारी वकिलानं. त्याच्या हातात त्या दिवशी पन्नास फायली असतात. मयताच्या घरच्यांना स्वतःचा वकील देता येतो, तो सरकारी वकिलाला मदत करतो आणि कोर्टाच्या परवानगीनं लेखी म्हणणं मांडतो. त्या लेखी म्हणण्यात दोनच ओळी घालायला सांगा: या माणसावर आधी अमुक ठिकाणी असाच गुन्हा आहे, आणि कलम २२ खाली लायसन रद्द करावं. वकील परवडत नसेल तर तालुका विधी सेवा समितीकडं जा. बाईला मोफत वकील मिळतो, उत्पन्नाचा दाखला लागत नाही.

दुसरी वाट कोर्टाच्या बाहेरची आहे आणि ती आम्हाला जास्त कामाची वाटते. त्याच कायद्याच्या कलम १९ खाली आरटीओ स्वतःच, ड्रायव्हरचं म्हणणं ऐकून घेऊन, लोकांना धोका ठरणाऱ्याचं लायसन निलंबित किंवा रद्द करू शकतं. त्यासाठी खटल्याच्या निकालाची वाट बघावी लागत नाही. तुमच्या रस्त्यावरची एखादी जीप किंवा डंपर पुन्हा पुन्हा तेच करत असेल, तर गटाच्या लेटरहेडवर अर्ज द्या. गाडीचा नंबर, तारखा, आधीच्या एफआयआरचे नंबर, सगळ्यांच्या सह्या. एफआयआरची नक्कल पोलिसांच्या संकेतस्थळावरून काढता येते, गावातला महा ई-सेवा केंद्रवाला काढून देईल. अर्जाची पोच घ्या. पोच नसेल तर अर्ज दिलाच नाही असं समजा.

आणि ज्या घरात माणूस गेलाय तिथं जाऊन एवढं मात्र या आठवड्यातच सांगा, कारण हे पुष्कळ जणींना ठाऊक नसतं. अपघाताच्या भरपाईचा दावा पूर्वी कधीही करता यायचा. १ एप्रिल २०२२ नंतरच्या अपघातांसाठी कायद्यानं सहा महिन्यांची मुदत घातली आहे. सुतक, वर्षश्राद्ध, दिरा-भावांची बोलणी, यात सहा महिने सहज निघून जातात. गाडी सापडलीच नाही, पळून गेली, तरी सरकारी योजनेतून मृत्यूला दोन लाख आणि जबर दुखापतीला पन्नास हजार मिळतात. त्याचा अर्ज प्रांत किंवा तहसील कार्यालयात चौकशी करून भरायचा. घरी राहणारी बाई गेली असेल तरी दावा लागतो. ती "काही कमवत नव्हती" असं विमा कंपनीचा माणूस म्हणेल, त्याला सांगा की घरकामाचीही किंमत धरायची असं सुप्रीम कोर्टानं २००१ पासून अनेक निकालांत सांगितलंय.

पुढच्या मंगळवारी याच वेळेला त्या दाव्याचे कागद कोणते, ते एकेक करून सांगू. एफआयआर, पंचनामा, शवविच्छेदन अहवाल आणि वारसाचे पुरावे आधीच एका पिशवीत घालून ठेवा.